एका झाडाचे त्रैमासिक आणि चारशे घरांचा हिशेब

३०० आणि ३,०००. एकाच माणसाने एकाच शहरात सुरू केलेल्या दोन वनस्पती-प्रकाशनांचा हा साधारण खप. माणूस विल्यम कर्टिस, शहर लंडन. पहिले प्रकाशन ‘फ्लोरा लोंडिनेन्सिस’. १७७० च्या दशकात त्याचे भाग निघू लागले आणि कर्टिसच्या हयातीत त्याला तीनशेच्या आसपासच घेणारे मिळाले. दुसरे ‘द बोटॅनिकल मॅगझीन’. त्याचा पहिला अंक १७८७ च्या फेब्रुवारीत निघाला आणि त्याच्या तीन हजारांच्या आसपास प्रती जाऊ लागल्या. दोन्हींमागची विद्वत्ता तीच होती, चित्रकारही बरेचसे त्याच वर्तुळातले होते. तरी खपात दसपट फरक पडला.

आम्ही काही मित्र गच्चीवर अडेनियम हे फुगीर बुंध्याचे फुलझाड वाढवतो. फक्त अडेनियमला वाहिलेले मराठी त्रैमासिक काढावे, अशी बोलणी आमच्यात बरेच दिवस चालू आहेत. हिशेबाची वही माझ्याकडे आली, तेव्हा मी सुरुवात कर्टिसच्या या दोन आकड्यांपासून केली. तो दसपट फरक कुठून आला हे कळल्याशिवाय आमच्या अंकाची किंमत ठरवण्यात अर्थ नव्हता.

‘फ्लोरा’मध्ये लंडनच्या आसपास आपोआप उगवणाऱ्या वनस्पती होत्या, म्हणजे शेताच्या बांधावरचे आणि रस्त्याकडेचे तण. पान मोठ्या फोलिओ आकाराचे, चित्रे झाडाच्या खऱ्या आकाराची, एका भागात सहा. काम अप्रतिम होते, पण ते तण कुणी कुंडीत लावत नव्हते. ‘मॅगझीन’मध्ये कर्टिसने रोख बदलला. परदेशातून आलेली, बागेत आणि काचघरात हौसेने वाढवली जाणारी फुलझाडे त्याने घेतली. पहिल्या अंकातले पहिले चित्र इराणी आयरिसचे होते. पान लहान केले, दर महिन्याला तीन रंगीत चित्रे दिली आणि किंमत एक शिलिंग ठेवली. प्रत्येक चित्रासोबत झाड कुठून आले, कधी फुलते, लागवड कशी करायची, रोपे कशी करायची हे पान-दीड पानात सांगितले. आपण जी झाडे वाढवतो ती शास्त्रीय अंगाने जाणून घ्यायची आहेत अशा स्त्री-पुरुषांसाठी आणि माळ्यांसाठी हा अंक आहे, असे त्याने मुखपृष्ठावरच छापले होते. ‘आपण जी वाढवतो’ ही अट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

आता पैसे पाहू. एका शिलिंगचे बारा पेन्स, म्हणजे एक रंगीत चित्र मजकुरासह चार पेन्सला पडले. तीन हजार प्रतींचे महिन्याला तीन हजार शिलिंग, म्हणजे १५० पौंड, वर्षाला छापील किमतीने १,८०० पौंड. विक्रेत्यांचे कमिशन यातून जायचे, तरी त्या काळात ही रक्कम मोठी होती. ‘फ्लोरा’ने कर्टिसला नाव दिले आणि संसार ‘मॅगझीन’ने चालवला.

या रकमेमागचे श्रम मोजले की आकड्यांना चेहरे येतात. तांब्याच्या पत्र्यावरून रेघा काळ्या छापल्या जात, रंग मात्र हाताने भरावा लागे. तीन चित्रे गुणिले तीन हजार प्रती, म्हणजे महिन्याला नऊ हजार चित्रे. रंग भरणारे तीसेक जण होते असे सांगतात. म्हणजे माणशी महिन्याला तीनशे, पंचवीस दिवसांचे काम धरले तर रोज बारा. बारा वेळा तीच पाकळी, तीच जांभळी छटा. चित्र दगडावरून छापायला सुरुवात १८४५ मध्ये झाली, पण रंग हाताने भरणे १९४८ पर्यंत सुटले नाही. १७८७ पासून मोजली तर ही १६१ वर्षे होतात.

छंदाच्या अंकाचे अर्थकारण समजायला हाच तपशील उपयोगी पडतो. खर्च दोन जातींचा असतो. एक अंकामागे एकदाच होतो, दुसरा प्रत्येक प्रतीमागे होतो. कर्टिसच्या काळी प्रतीमागचा खर्च जड होता, कारण प्रत्येक प्रत कुणीतरी रंगवत बसायचे. खप दुप्पट झाला की रंगवणारे हातही दुप्पट लागत. आज ते उलटले आहे. लेख मिळवणे, छायाचित्रे, मांडणी, मुद्रितशोधन, छपाईच्या प्लेटा हे सगळे एकदाच होते, आणि तेच जड असते. त्यानंतरची प्रत्येक प्रत कागद, शाई आणि टपालाच्या किमतीत निघते.

आमच्या वहीतले आकडे देतो. हे गृहीत धरलेले दर आहेत. गाव आणि छापखाना बदलला की बदलतील, गणिताची रीत बदलणार नाही. अंकामागचा एकदाचा खर्च २४,००० रुपये धरला. त्यात ८,००० रुपये लेखक-छायाचित्रकारांचे मानधन आहे. प्रतीमागे कागद, छपाई आणि बांधणी ३० रुपये, पाकीट आणि टपाल १२ रुपये, मिळून ४२. मग एक प्रत कितीला पडते?

२०० प्रती काढल्या तर १६२ रुपयांना.
४०० काढल्या तर १०२.
८०० काढल्या तर ७२.
१,६०० काढल्या तर ५७.
३,००० काढल्या तर ५०.

दोनशेवरून चारशेवर गेलो की प्रतीमागे ६० रुपये उतरतात. आठशेवरून सोळाशेवर जायला त्याच्या चौपट माणसे नव्याने जोडावी लागतात आणि उतरतात फक्त १५ रुपये. स्वस्ताई मिळते ती पहिल्या काही शेकड्यांत. म्हणून लहान छंदाच्या अंकाने हजारोंची स्वप्ने पाहून किंमत ठरवू नये. वाचक वाढतील तसा अंक परवडू लागेल, या आशेवर पहिल्या वर्षी तोट्यात विकणे हा मला सगळ्यात घातक निर्णय वाटतो. एका झाडाच्या छंदाला माणसांची मर्यादा असते, ती जाहिरात करून फार ताणता येत नाही. आम्ही चारशे घरे हे लक्ष्य धरले आणि किंमत त्यावरच बेतली.

वर्षाला चार अंक म्हणजे चारशे वर्गणीदारांना प्रत्येकी ४०८ रुपयांचा खर्च. वर्गणी ४५० ठेवली. या वर्गणीत तोटा होऊ नये म्हणून किमान ३४१ वर्गणीदार लागतात. चारशेचे तीनशे झाले तर वर्षाला साधारण ११,४०० रुपयांची खोट येते. हेच मासिक केले तर वर्षाचा खर्च १,२२४ रुपयांवर जातो, आणि एका झाडासाठी इतकी वर्गणी मागायला माझे मन धजत नाही.

त्रैमासिक ठरण्यामागे पैशाइतकेच कारण झाडाचे आहे. अडेनियमचे वर्ष आपल्याकडे चार टप्प्यांत पडते. थंडी ओसरली की छाटणी आणि कुंडी बदलणे. उन्हाळ्यात बी पेरणे, कलमे बांधणे. पावसाळ्याआधी निचरा तपासणे, कारण जमिनीवर फुगलेला तो गड्डा, ज्याला सगळे कॉडेक्स म्हणतात, आतून कुजायला लागला की बाहेरून बोट दाबेपर्यंत कळत नाही. आणि हिवाळ्यात पाणी तोडणे. अंक या चार वेळांच्या पंधरा दिवस आधी घरी पोचला तर कामाचा. पावसाळ्याची सूचना जुलैअखेरीस पोचली तर झाड गेलेले असते. बाराव्या महिन्यापर्यंत पान भरण्यासाठी तेच तेच लिहिण्यापेक्षा चार वेळा वेळेवर येणे मला बरे वाटते.

टपालाचा कायदा मात्र मासिकांच्या बाजूने राहिला आहे. १८९८ च्या टपाल कायद्यात नोंदणीकृत वृत्तपत्राची सवलत मिळायला दोन अटी होत्या. दोन अंकांत ३१ दिवसांहून जास्त अंतर नको, आणि वर्गणीदारांची खरी यादी हवी. ती सवलत मोठी होती. कित्येक वर्षे ५० ग्रॅमपर्यंत २५ पैसे आणि १०० ग्रॅमपर्यंत ५० पैसे असा दर होता. त्रैमासिक पहिल्याच अटीत बाद. मराठीतली कितीतरी छोटी नियतकालिके दर महिन्याला धापा टाकत निघत राहिली, त्यामागे हे ३१ दिवसही असावेत असे मला वाटते. १८९८ च्या कायद्याची जागा आता २०२३ च्या कायद्याने घेतली आहे. नियतकालिकांच्या नोंदणीचा १८६७ चा कायदाही गेला, १ मार्च २०२४ पासून नवा लागू आहे. नाव आणि नोंदणी यांचे काम छपाईच्या आधी उरकावे, एवढेच इथे पुरे.

सवलत नसली तरी टपालाचा खर्च वजनाच्या टप्प्यांवर ठरतो, म्हणून वजनही मांडून पाहिले. ए-फोर आकाराचा ३२ पानी अंक ८० जीएसएम कागदावर काढला आणि १७० जीएसएमचे मुखपृष्ठ घातले, तर आतले सोळा कागद ७९.८ ग्रॅम आणि मुखपृष्ठ २१.२ ग्रॅम, मिळून १०१. शंभराची रेघ एका ग्रॅमने ओलांडली. तोच अंक १८ बाय २४ सेंटिमीटर आकारात तीन फर्म्यांचा, म्हणजे ४८ पानांचा केला तर वजन साधारण ९८ ग्रॅम. छपाईची जागा उलट थोडी वाढते. लहान आकारात मुखपृष्ठाचा जाड कागद कमी लागतो, त्याचा हा फायदा. कर्टिसने फोलिओ सोडून लहान पान का घेतले असेल, ते वजनकाट्यापाशी बसल्यावर आणखी पटते.

आता सगळ्यात दुखऱ्या आकड्याकडे येतो. पहिल्या वर्षी ४०० वर्गणीदार मिळाले असे धरा. दरवर्षी शंभरातले ७० जण वर्गणी पुन्हा भरतात. तर त्या चारशेंपैकी पुढच्या वर्षी २८० उरतात, मग १९६, तिसऱ्या नूतनीकरणाला १३७. संख्या चारशेवर टिकवायला दरवर्षी १२० नवी घरे शोधावी लागतात, दहा वर्षांत १,२००. हेच पुन्हा भरणारे शंभरात ८५ असतील तर दरवर्षी ६० पुरतात, दहा वर्षांत ६००. पंधरा टक्क्यांच्या फरकाने शोधायची घरे निम्मी होतात. ज्या छंदाला मुळात माणसे थोडी, तिथे १,२०० नवी घरे सापडणार कुठून? तेव्हा नव्या वाचकापेक्षा जुना वाचक राखण्यावर जोर लावायचा, हे या हिशेबातूनच ठरते.

वाचक का सोडतो तेही पाहायला हवे. झाडाची मूलभूत माहिती वर्षभरात संपते. मिश्रणात सिंडर किती, कोकोपीट किती, कलम कसे बांधायचे, शेंग उकलून बी उडून जाऊ नये म्हणून तिला दोरा कसा गुंडाळायचा, हे सगळे चार अंकांत येऊन जाते. पाचव्या अंकात तेच पुन्हा आले की माणूस ४५० रुपये भरताना थबकतो, आणि त्याचे बरोबरच असते. त्याला थांबवू शकते ती फक्त दरवर्षी नव्याने तयार होणारी माहिती, आणि ती वाचकांच्याच गच्च्यांवर तयार होते.

म्हणून आमचा बेत असा आहे. एकाच शेंगेतले, एकाच आठवड्यात काढलेले बी रत्नागिरी, पुणे, नाशिक आणि नागपूरच्या वाचकांना वाटायचे. प्रत्येकाने ते एकाच मिश्रणात पेरायचे आणि किती उगवले, कधी उगवले, पावसाळ्यात किती गेले, पहिले फूल कितव्या महिन्यात आले हे एका छापील तक्त्यात भरायचे. कोकणातली दमट हवा, नाशिकची थंडी, नागपूरचा मे महिना या झाडाला कसा मानवतो, याचा मराठीत छापलेला तक्ता मी पाहिलेला नाही. थायलंड आणि तैवानमध्ये अडेनियमवर अफाट काम झाले आहे, पण तिथला सल्ला तिथल्या हवेचा. इराणी आयरिस लंडनच्या बागेत कशी वागते हे कर्टिस आपल्या वाचकांना सांगत होता. आम्हाला अरबस्तान-आफ्रिकेतले झाड आपल्या अंगणात कसे वागते ते लिहायचे आहे. असा तक्ता तिसऱ्या-चौथ्या वर्षी पहिल्या वर्षापेक्षा जास्त मोलाचा होतो, कारण तीच रोपे मोठी होत असतात. आपल्या गच्चीवरचा आकडा छापून येणार असेल तर माणूस सहसा वर्गणी थांबवत नाही.

मराठी नियतकालिकांचा आवडता उपाय आहे आजीव वर्गणी. आमच्या बैठकीतही तो पहिल्याच दिवशी निघाला. ३,००० रुपये एकदाच भरायचे, अंक जन्मभर. शंभर जणांनी भरले तर तीन लाख जमतात, आणि चारशे प्रतींचा वर्षाचा एकूण खर्च १,६३,२०० असल्याने पावणेदोन वर्षे निश्चिंती वाटते. पण ते पैसे मिळकत नव्हेत, देणे आहे. ३,००० रुपये ७ टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला २१० रुपये व्याज येते. त्या सदस्याच्या चार प्रतींचा नुसता कागद, छपाई आणि टपाल १६८ रुपये. मांडणी आणि मानधनातला त्याचा वाटा धरला तर ४०८. कागद-टपाल दरवर्षी ५ टक्क्यांनी महागले तरी पाच वर्षांनी ते १६८ रुपये २१४ होतात आणि व्याजाच्या पुढे जातात. आणि हे मुद्दलाला हात लावला नाही तर. प्रत्यक्षात अडचण येते, मुद्दल वापरले जाते, आणि मग शंभर घरी फुकट अंक पाठवण्याची जबाबदारी तेवढी मागे राहते. ४०८ रुपये व्याजातून निघायला ५,८०० च्या वर ठेव लागेल, आणि तीही भाववाढ मोजल्याशिवाय. माझे मत स्पष्ट आहे: आजीव वर्गणी नको. दोन वर्षांची वर्गणी एकदम घ्यावी, त्यापुढे जाऊ नये.

जाहिरातीचे गणित मोहात पाडणारे आहे. अंकात चार पाने जाहिरात, पानाला ३,००० रुपये, तर १२,००० रुपये, म्हणजे अंकामागचा निम्मा खर्च. चारशे प्रती मग ७२ रुपयांना पडतात. वरच्या यादीत ७२ हा आकडा आठशे वाचकांसमोर होता. चार पाने जाहिरात म्हणजे न मिळालेले चारशे वर्गणीदार. हे जुन्या लोकांनाही ठाऊक होते. लंडनजवळच्या हॅकनीमध्ये लॉडिजेस यांची नामांकित रोपवाटिका होती. त्यांनी ‘बोटॅनिकल कॅबिनेट’ नावाचे प्रकाशन १८१७ ते १८३३ चालवले आणि त्यात २,००० चित्रे दिली. तिथे रोपवाटिका हाच पाया होता. आपल्याकडे किर्लोस्करांच्या कारखान्यातून १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघाले आणि पुढे ते मराठीतले मोठे मासिक झाले. धंद्याच्या आधाराने चांगले नियतकालिक उभे राहते, हे खरे आहे.

पण आमच्या झाडात एक पेच आहे. नाव मिळालेली अडेनियमची संकरित जात बियांतून तशीच येत नाही. काळ्या-लाल दुहेरी पाकळीचे फूल हवे तर त्याच झाडाची फांदी कलम करावी लागते. तरी नाव आणि फुलाचे चित्र दाखवून बी विकले जाते. दीड-दोन वर्षे रोप सांभाळल्यावर साधे गुलाबी फूल आले की नवा माणूस छंदच सोडतो. त्या माणसाबरोबर माझा वर्गणीदारही जातो. म्हणजे अशा बियांच्या जाहिरातीतून मिळालेले ३,००० रुपये मी नूतनीकरणात परत करतो. सात-आठ वाचक गेले की ते फिटले. म्हणून जातीच्या नावाने बी विकणारी जाहिरात घ्यायची नाही, कलमांची, कुंड्यांची, मिश्रणाची घ्यायची, असे आम्ही पहिल्या पानावर छापणार आहोत. चारऐवजी दोन पाने मिळाली तरी प्रत ८७ रुपयांना पडते, आणि ते चालते.

राहिले मानधनाचे ८,००० रुपये. बैठकीत यावर सगळ्यात जास्त वाद झाला. लिहिणारे हौशी आहेत, पैसे कशाला, असे काहींचे म्हणणे. ती रक्कम काढली तर अंकामागचा खर्च १६,००० वर येतो आणि ४५० रुपये वर्गणीत तोटा टाळायला ३४१ ऐवजी २२७ वर्गणीदार पुरतात. आकडा मोहक आहे हे मी कबूल करतो.

या प्रश्नावर मला पुन्हा त्या जुन्या मासिकाकडेच जावे लागले. ‘बोटॅनिकल मॅगझीन’ आजही चालू आहे, त्यातल्या चित्रांची संख्या अकरा हजारांच्या वर गेली आहे. त्याला बसलेल्या धक्क्यांतले दोन चित्रकार निघून गेल्याचे होते. पंचवीसहून अधिक वर्षे बहुतेक चित्रे काढणारा सिडनहॅम एडवर्ड्स १८१५ मध्ये बाहेर पडला आणि त्याने ‘बोटॅनिकल रजिस्टर’ हे प्रतिस्पर्धी मासिक सुरू केले. वॉल्टर हूड फिच याने १८३४ ते १८७७ या काळात २,७०० च्या वर चित्रे काढली, वर्षाला सरासरी ६३. मोबदल्याच्या वादातून तोही गेला. संपादक जोसेफ हूकर यांना तेव्हा आपली मुलगी हॅरिएट आणि नात्यातली मॅटिल्डा स्मिथ यांच्याकडे वळावे लागले. मॅटिल्डा स्मिथ यांनी पुढे पंचेचाळीस वर्षे ते काम केले, २,३०० च्या वर चित्रे काढली. प्रत्येक मासिकाला तसे माणूस घरात सापडत नाही.

८,००० रुपये चारशे प्रतींवर वाटले तर प्रतीमागे २० रुपये, वर्गणीदारामागे वर्षाला ८०. एका बऱ्या प्लॅस्टिकच्या कुंडीएवढी ही रक्कम. नाशिकच्या थंडीत पहाटे उठून रोपांचे तापमान लिहून ठेवणाऱ्याला, कुजलेला गड्डा उभा चिरून त्याचे पायरीपायरीने छायाचित्र काढणाऱ्याला ते मानधन मिळायला हवे. वहीत मी ३४१ हाच आकडा ठेवला आहे. तेवढी नावे आणि वर्गण्या हाती आल्या की पहिला अंक छापायला जाईल, थंडी संपायच्या आत, कुंडी बदलण्याच्या दिवसांसाठी.